ट्रेसच्या खर्चाची टीमनिहाय मोजदाद : एक आढावा

संगणकीय सेवा चालविणाऱ्या मोठ्या संस्थांत गेल्या काही वर्षांत हिशेबाचा एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. एखाद्या ग्राहकाने मोबाईलवरून मागणी नोंदविली, की ती एका यंत्रावर आणि एका प्रणालीत पुरी होत नाही. प्रवेशद्वाराची सेवा, ओळख पडताळणारी सेवा, मालसाठ्याची, किमतीची, पैसे स्वीकारण्याची, निरोप धाडण्याची अशा दहावीस, प्रसंगी शंभरावर सेवांतून ती फिरते, आणि या सेवांची मालकी निरनिराळ्या टीमकडे वाटलेली असते. मागणीच्या या प्रवासाची जी साद्यंत नोंद ठेवली जाते तिला अभियंते ट्रेस म्हणतात, आणि प्रवासातील एकेका टप्प्याच्या नोंदीला स्पॅन. बिघाड कोठे झाला, विलंब कोणाकडे लागला, हे या नोंदीवाचून सहसा सांगता येत नाही, म्हणून ती हवीच. परंतु तिचे आकारमान असे वाढत गेले आहे, की तिच्या साठवणीचा व शोधाचा खर्च क्लाउडच्या मासिक बिलात डोळ्यांत भरण्याजोगा झाला आहे. हा खर्च कोणत्या टीमच्या नावे किती मांडावा, आणि त्यासाठी प्रत्येक टीमच्या नोंदींचे आकारमान कसे मोजावे, याविषयीचा विचार आज कोठवर येऊन ठेपला आहे हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पुण्यामुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या कित्येक वाचकांच्या नित्याच्या कामाशी हा विषय निगडित असल्यामुळे त्याची मराठीत सलग मांडणी होणे अगत्याचे वाटले.

पूर्वपीठिका

सामाईक यंत्राचा खर्च अनेकांत कसा वाटावा हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१ या यंत्राच्या वेळेचे वाटप लिलावाने कसे होत असे याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे वापरकर्ते ‘येन’ नावाच्या अंतर्गत चलनात बोली लावीत, आणि ज्याचे काम अधिक महत्त्वाचे त्याच्या वाट्याला अधिक येन येत. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, नॉर्मन नील्सन यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच असा सवाल केला, की संगणकीय साधनांच्या वाटपाला किंमत लावणे हेच उत्तर आहे काय. अर्धशतकानंतर ट्रेसच्या संदर्भात तोच सवाल पुन्हा पुढे आला आहे. मात्र तेव्हा ज्याची मोजणी करावयाची तो यंत्राचा वेळ एका वेळी एकाचाच असे, आणि ट्रेस मात्र जन्मतःच अनेकांचा असतो. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ या एका फरकात आहे असे माझे मत आहे.

ट्रेसविषयक विचाराला व्यापक चालना मिळाली ती गूगलच्या डॅपर या व्यवस्थेवरील अहवालामुळे. बेंजामिन सिगेलमन, लुईझ आंद्रे बारोसो, माइक बरोज प्रभृतींनी २०१० साली सादर केलेल्या या अहवालात आकारमानाची चिंता पानोपानी दिसते. त्यांच्या संग्रहातील एका स्पॅनचा सरासरी आकार ४२६ बाइट होता. गूगलची यंत्रसंकुले नमुन्यादाखल घेतलेल्या ट्रेसचीच दररोज एक टेराबाइटहून अधिक नोंद निर्माण करीत. आणि डॅपरच्या पहिल्या आवृत्तीत सरासरी १,०२४ मागण्यांपैकी एकीचाच ट्रेस घेण्याचा सरसकट नियम होता. एखाद्या टीमने उत्साहाच्या भरात स्पॅनला वाटेल तेवढा मजकूर जोडू नये म्हणून प्रत्येक स्पॅनमधील टिपणांच्या एकूण आकारमानाला कमाल मर्यादाही घातलेली होती. खर्चाची टीमनिहाय वाटणी त्यात नव्हती. परंतु एकाच्या बेहिशेबी लेखनाचा भार सर्वांवर पडतो, ही जाणीव त्या मर्यादेत स्पष्ट आहे.

पुढे ट्विटरने २०१२ मध्ये झिपकिन आणि उबरने २०१७ मध्ये येगर या प्रणाली सर्वांस खुल्या केल्या. २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग व ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री उभी राहिली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मंडळाने ट्रेसची ओळख एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा मसुदा शिफारस म्हणून मान्य केला. नोंद निर्माण करणे यामुळे इतके सुलभ झाले, की ओपनटेलिमेट्रीची सर्वसाधारण मांडणी जशीच्या तशी ठेवली तर सेवेत सुरू होणाऱ्या प्रत्येक मागणीचा ट्रेस घेतला जातो. त्याच सुमारास अनेक संस्थांनी ट्रेस साठविण्याचे काम बाहेरच्या व्यवसायांकडे सोपविले. गूगलच्या घरात जो भार यंत्रांच्या ताणाच्या रूपाने जाणवत होता, तो आता दरमहा बिलाच्या रूपाने येऊ लागला, आणि बिल आले की ते कोणी भरावयाचे हा प्रश्न ओघानेच येतो.

मापाचे एकक

मोजावयाचे काय, याविषयी सेवा विकणाऱ्यांतच एकमत नाही. ॲमेझॉनची एक्स-रे ही सेवा ट्रेस मोजते. गूगल क्लाउडची सेवा स्पॅन मोजते. न्यू रेलिक व ग्राफाना क्लाउड आत आलेल्या नोंदींचे बाइट मोजतात. हनीकोंब घटना मोजते. आणि डेटाडॉग आत आलेल्या नोंदींचे बाइट व शोधासाठी अनुक्रमित केलेले स्पॅन अशी दोन मापे एकाच वेळी लावते. ज्या संस्थेला बाहेरचे बिल येते तिने अंतर्गत वाटणीसाठी त्याच बिलाचे एकक घ्यावे, असा एक सरळ पक्ष आहे, आणि ताळेबंद जुळण्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे. ज्या संस्था स्वतःच्या यंत्रांवर साठवण करतात त्यांना मात्र एकक निवडावे लागते.

ट्रेसच्या संख्येवरून टीमचा वाटा काढता येत नाही, कारण एका ट्रेसमध्ये अनेक टीम असतात. म्हणून व्यवहारात खरी निवड स्पॅनची संख्या आणि बाइट यांमध्येच राहते. स्पॅनची संख्या मोजणे सोपे, स्वस्त आणि टीमला समजावून सांगण्यास सुकर आहे. तिच्यावरचा आक्षेप असा, की सर्व स्पॅन सारखे नसतात. एका सेवेच्या स्पॅनवर पाचसहा छोटी टिपणे असतात, तर दुसरीच्या स्पॅनवर संपूर्ण एसक्यूएल विधान, अपवादाचा लांबलचक मागोवा आणि ग्राहकाच्या मागणीचा अख्खा मजकूर चिकटविलेला असतो. ओपनटेलिमेट्रीच्या विनिर्देशात एका स्पॅनवरील टिपणांची संख्या सर्वसाधारणतः १२८ पर्यंत मर्यादित आहे. पण एकेका टिपणाच्या लांबीला, संस्थेने स्वतः घातल्याखेरीज, मर्यादा नाही. अशा स्थितीत संख्येने वाटणी केली तर मितभाषी टीम वाचाळ टीमचा खर्च भरते.

बाइट मोजणाऱ्यांपुढेही अडचण आहे, आणि ती वरवर दिसते त्याहून सूक्ष्म आहे. ओपनटेलिमेट्रीच्या संदेशरचनेत स्पॅन सुटे पाठविले जात नाहीत; ज्या सेवेने व ज्या यंत्राने ते निर्माण केले त्याचे वर्णन एकदाच लिहून त्याखाली अनेक स्पॅनची चळत रचलेली असते. समजा, हे सामाईक वर्णन २,००० बाइटचे आणि प्रत्येक स्पॅन ५०० बाइटचा आहे. एका चळतीत १०० स्पॅन असतील तर एकूण ५२,००० बाइट होतात, म्हणजे दर स्पॅनमागे ५२०. पण वर्दळ नसलेल्या एखाद्या छोट्या सेवेने दोनच स्पॅनची चळत पाठविली, तर ३,००० बाइट होऊन दर स्पॅनमागे १,५०० पडतात. तीच नोंद, तोच मजकूर. तरी छोट्या सेवेला जवळजवळ तिप्पट भाव लागतो. आणि एकाच प्रक्रियेत अनेक टीमचे काम चालत असेल, तर त्या सामाईक वर्णनाचे बाइट कोणाचे हेही ठरवावे लागते. ते त्या चळतीतील स्पॅनवर प्रमाणशीर वाटावेत, हा उपाय आता बऱ्यापैकी रूढ होत आहे.

यापुढचा पेच असा, की वाटेवरचे बाइट आणि साठवणीतील बाइट एक नव्हेत. स्तंभवार साठवण करणाऱ्या प्रणालीत वारंवार येणारे तेच ते मूल्य दाबून नगण्य होते, आणि दर वेळी नवे असणारे मूल्य, उदाहरणार्थ एखादी स्वैर ओळखसंख्या, मुळीच दबत नाही. सर्व टिपणे अनुक्रमित करणाऱ्या प्रणालीत उलट प्रकार घडून मूळ मजकुराहून अनुक्रमच जड होऊ शकतो. संपीडनानंतरचा वाटा टीमनिहाय वेगळा काढणे तत्त्वतः शक्य असले तरी अत्यंत कष्टाचे आहे, आणि म्हणून बहुतेकांनी संपीडनापूर्वीचे, आत येताना मोजलेले बाइट हेच प्रमाण मानले आहे. यात अचूकतेचा काही अंश सोडून स्थैर्य पत्करलेले आहे. हा सौदा मला रास्त वाटतो.

मोजण्याची जागा

नोंद निर्माण होते तेथे, म्हणजे सेवेच्या आतच, मोजणे हा पहिला पर्याय. पण प्रत्येक भाषेतील प्रत्येक सेवेत तो सारखेपणाने राबविणे अवघड असल्यामुळे त्याचा पुरस्कार थोडेच करतात. दुसरी जागा कलेक्टरची, जो सर्व सेवांकडून नोंदी गोळा करून पुढे धाडतो. कलेक्टर स्वतःच्या कारभाराचे जे आकडे देतो ते आवकजावक मार्गांनुसार असतात, टीमनुसार नसतात. मात्र त्याला मोजणीचा एक जोडभाग लावून टिपणांच्या आधारे स्पॅनची वर्गवारीने गणना करता येते.

तिसरी जागा साठवण करणाऱ्या प्रणालीच्या उंबरठ्यावरची. येथे काही संस्थांनी प्रत्येक टीमला स्वतंत्र भाडेकरू मानून वेगळे दप्तर दिले. मोजदाद त्यामुळे आपोआप होते, पण एकाच मागणीचा ट्रेस अनेक दप्तरांत विखुरतो आणि तो सलग पाहणे दुर्घट होते. हिशेबासाठी मूळ वस्तूच मोडणारा हा मार्ग ट्रेसच्या बाबतीत समर्थनीय ठरवणे कठीण आहे. ग्राफानाच्या टेंपो या प्रणालीने जानेवारी २०२५ मधील २.७ या आवृत्तीत निराळी वाट काढली : दप्तर एकच ठेवावयाचे, परंतु आत येणाऱ्या बाइटची नोंद संस्थेने निवडलेल्या टिपणांनुसार, सामाईक भागाच्या प्रमाणशीर वाटणीसह, वेगळी ठेवावयाची. ज्या स्पॅनवर ते टिपण नाही त्यांचा स्वतंत्र गट, आणि गटांची संख्या ठरीव मर्यादेपलीकडे गेली तर उरलेल्यांचा आणखी एक गट, अशी सोय तीत आहे. बेवारस नोंदी कोणाच्या तरी माथी न मारता त्यांचा वेगळा रकाना दाखविणे ही या रचनेतील मोलाची गोष्ट होय.

जागेच्या प्रश्नाला नमुनानिवडीचा प्रश्न जोडलेला आहे. ट्रेस घ्यावयाचा की नाही हे मागणीच्या आरंभीच ठरत असेल तर फारसा वाद उद्भवत नाही, कारण न घेतलेल्या ट्रेसचा खर्च जवळजवळ नसतो. परंतु मागणी पुरी झाल्यावर, तीत चूक वा विलंब आढळला तरच ट्रेस राखावयाचा, अशी पद्धत असेल, तर निर्णय होईपर्यंत सर्व स्पॅन कलेक्टरच्या स्मृतीत धरून ठेवावे लागतात, आणि टाकून द्यावयाच्या स्पॅनचाही वाहतूकखर्च व यंत्रखर्च लागतो. निवडीपूर्वी मोजले तर टीमला जे बिलात नाही त्याचाही भार दिसतो. निवडीनंतर मोजले तर कलेक्टरचा खर्च निनावी राहतो. काही ठिकाणी दोन्ही जागी मोजून दोन वेगळे खर्च मांडतात. तर्कदृष्ट्या ते निर्दोष आहे, पण दोन आकडे समजावून सांगण्याचे ओझे त्यासोबत येते.

नोंद कोणाच्या नावे

आता सर्वांत वादग्रस्त भाग. बाइट कितीही काटेकोर मोजले तरी ते कोणाचे हे मोजमापाने ठरत नाही.

प्रथम नावाचाच प्रश्न घ्यावा. ओपनटेलिमेट्रीच्या संकेतांत सेवेचे नाव देण्याची सोय आहेच, शिवाय सेवासमूहाच्या नावाची एक जागा असून, समूहाची मालक असलेली टीम हे तिचे उदाहरण म्हणून विनिर्देशात दिलेले आहे. काही जण याच जागेत टीमचे नाव लिहितात. इतरांचे म्हणणे असे, की टीमची पुनर्रचना होते, सेवा एकीकडून दुसरीकडे सोपविल्या जातात, आणि नोंदीत कोरलेले नाव शिळे होते. म्हणून नोंदीत फक्त सेवेचे नाव असावे आणि सेवा कोणाची याची सूची वेगळी, तारीखवार राखून हिशेबाच्या वेळी दोहोंची सांगड घालावी. दुसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे खरा. पण सूची अद्ययावत ठेवणारा कोणी नेमलेला नसेल, तर तोही काही महिन्यांत निरुपयोगी ठरतो.

नाव ठरले तरी न्याय ठरत नाही. एक पक्ष म्हणतो, ज्याने स्पॅन लिहिला त्याने भरावे : हे मोजण्यास सोपे आहे आणि ज्याच्या हाती लेखणी त्याच्याच हाती काटकसर, हे त्याचे बळ आहे. दुसरा पक्ष विचारतो, की स्पॅन लिहिण्याची सक्ती कोणी केली? ट्रेस घ्यावा ही खूण प्रवेशद्वाराची सेवा मागणीवर लावते आणि पुढील सेवा सर्वसाधारणतः तिचा मान राखतात. आज दहा टक्के ट्रेस घेणाऱ्या प्रवेशद्वाराच्या टीमने उद्या शंभर टक्के घेण्याचे ठरविले, तर खालच्या पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या नोंदी, तिने एक अक्षरही न बदलता, दसपट होतात. तेव्हा ज्याने ट्रेस आरंभिला त्याने संपूर्ण ट्रेसचा भार उचलावा, असे या पक्षाचे प्रतिपादन आहे. फेसबुकच्या कॅनोपी या व्यवस्थेवरील २०१७ च्या निबंधात याच्या जवळ जाणारी रचना आढळते : नमुनानिवडीची धोरणे तेथे भाडेकरूंच्या नावे असतात, आणि किती ट्रेस घ्यावयाचे याचे ठरीव अंदाजपत्रक प्रत्येकाला असते, ते ओलांडणारा ट्रेस नाकारला जातो. या मतावरचा आक्षेपही तितकाच बिनतोड आहे : खालच्या एखाद्या सेवेने एका मागणीमागे दोनशे फुटकळ स्पॅन लिहिण्यास सुरुवात केली, तर तिला आवरण्याचे काहीच साधन आरंभकाच्या हाती नसते.

तिसरा पक्ष संयुक्त उत्तरदायित्वाचा आहे. सामाईक खर्चाच्या न्याय्य वाटणीसाठी लॉइड शेप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलेले मूल्य अर्थशास्त्रात मान्य आहे, आणि १९७३ मध्ये लिटलचाइल्ड व ओवेन यांनी विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहानमोठ्या विमानांत वाटण्यासाठी त्याचे सुटसुटीत रूप दाखविले. ट्रेसचा खर्च हा आरंभकाने ठरविलेले प्रमाण आणि लेखकाने लिहिलेला मजकूर या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे, त्यातील वाढ ज्या घटकामुळे झाली त्याच्या धन्याकडे वळविण्याची कल्पना याच जातीची आहे. तत्त्व म्हणून ती तिन्हींत सर्वांत समाधानकारक आहे. परंतु दरमहा शेकडो सेवांसाठी तिचे गणित मांडून ते टीमप्रमुखांना पटविणे ही निराळी गोष्ट आहे.

दाखविणे आणि वसूल करणे

मोजलेल्या आकड्याचे पुढे काय करावयाचे, याविषयी क्लाउडच्या खर्चनियोजनात दोन पद्धती प्रचलित आहेत. शोबॅकमध्ये टीमला तिचा खर्च केवळ दाखविला जातो. चार्जबॅकमध्ये तो तिच्या अंदाजपत्रकातून प्रत्यक्ष वळता केला जातो. चार्जबॅकच्या पुरस्कर्त्यांचा अनुभव असा, की पैसा खिशातून गेल्याखेरीज सवय बदलत नाही. शोबॅकचे पुरस्कर्ते एका धोक्याकडे बोट दाखवितात, आणि तो ट्रेसच्या बाबतीत विशेष गंभीर आहे : वसुलीच्या धाकाने एका टीमने आपले स्पॅन लिहिणे थांबविले, तर बचत तिची होते आणि आंधळेपण वरखालच्या सर्व सेवांच्या वाट्याला येते. मध्यरात्री बिघाड शोधणाऱ्या अभियंत्याला ट्रेसच्या मधोमध पोकळी दिसावी, हे कोणत्याच संस्थेच्या हिताचे नाही. म्हणून काही ठिकाणी सेवांच्या सीमेवरील आवश्यक स्पॅनचा खर्च संस्थेने सामाईक म्हणून सोसावयाचा आणि टीमने आपणहोऊन जोडलेल्या अंतर्गत स्पॅनचा व टिपणांचा भार तेवढा तिच्याकडे लावावयाचा, असा मध्यममार्ग सुचविला जातो. मला तो विचारार्ह वाटतो, कारण दुसऱ्यांना उपयोगी पडणाऱ्या नोंदीवर तो दंड बसवीत नाही.

अनिर्णित राहिलेले

काही प्रश्न अद्याप मोकळेच आहेत. आवकेची मोजदाद साधली असली तरी शोधाचा खर्च बहुतेक ठिकाणी निनावीच आहे : एक टीम थोडे लिहिते आणि दिवसभर सर्वांचे ट्रेस चाळते, तिचा वाटा आवकेच्या मापात दिसत नाही. ट्रेसमधून काढलेल्या आकडेवारीच्या मालिका ज्या टीमच्या टिपणांमुळे फुगतात तिच्या नावे लावाव्यात, की त्या पाहणाऱ्याच्या, हेही ठरलेले नाही. निरोपांच्या रांगांमधून चालणाऱ्या कामात एका मागणीतून हजार कामे फुटतात आणि ती स्वतंत्र ट्रेस म्हणून केवळ दुव्याने जोडलेली असतात. तेथे आरंभक कोणाला म्हणावयाचे?

आणि शेवटी रुजवातीचा प्रश्न. चाळीच्या मुख्य मीटरचे आणि बिऱ्हाडांच्या पोटमीटरांचे युनिट जसे तंतोतंत जुळत नाहीत, तसेच अंतर्गत मोजणीचे बाइट आणि बिलातील बाइट यांत तफावत राहते : मोजण्याची जागा वेगळी, संदेशरचना वेगळी, पुन्हा पाठविलेल्या चळतींची दुबार नोंद वेगळी. ही तफावत सर्व टीमवर प्रमाणात वाटावी, की व्यवस्था चालविणाऱ्या मध्यवर्ती टीमच्या माथी ठेवावी, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलले जाते. ती मध्यवर्ती टीमकडे ठेवल्यास मोजणी सुधारण्याचा हेतू तिच्यापाशी टिकतो, हा युक्तिवाद मला अधिक सबळ वाटतो.

आजच्या स्थितीत, साठवणीच्या उंबरठ्यावर संपीडनापूर्वीचे बाइट सेवेच्या नावाने मोजावेत, सेवा व टीम यांची सूची तारीखवार राखावी, बेवारस नोंदींचा रकाना उघड ठेवावा आणि आरंभी आकडा केवळ दाखवावा, एवढ्यावर बराच मतैक्याचा सूर जमला आहे. लेखक आणि आरंभक यांच्यातील वाटा मात्र प्रत्येक संस्थेला स्वतःच ठरवावा लागतो. जे वाचक आपल्या कचेरीत हे काम करीत असतील त्यांना एकच विनंती आहे : दरमहा टीमला जो आकडा धाडाल त्याच्यासोबत तो कोणत्या जागी, कोणत्या एककात आणि कोणत्या नियमाने काढला हेही लिहून धाडावे.